कणसातले दूध आणि दिल्लीचा शब्दकोश



ज्वारी निसवली, फुलोरा सरला की दाण्यात काय भरते? दूध. शाळेची पायरी न चढलेली माउलीसुद्धा कणसातला दाणा नखाने दाबून सांगते, ‘अजून दुधात आहे, हुरड्याला वेळ आहे.’ शेराची फांदी मोडली की दूध निघते. नारळाचे दूध निघते. गहू भिजवून, वाटून, पिळून जे पांढरे निघते त्याला आपण चीक म्हणतो आणि त्याच्या कुरडया घालतो. म्हैस व्याल्यावर पहिल्या दिवशी जे निघते त्यालाही चीकच म्हणतो आणि त्याचा खरवस करतो. शब्द एक, पदार्थ दोन. आजवर एकाही म्हशीने तक्रार केलेली नाही आणि कुरडईला खरवस समजून फसलेला माणूसही कोणी पाहिलेला नाही.

दिल्लीच्या साहेबांना मात्र माणूस फसेल अशी काळजी लागली. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२१ साली फर्मान काढले की वनस्पतीपासून केलेल्या पदार्थाच्या पाकिटावर दूध, दही, पनीर, चीज असे शब्द छापायचे नाहीत. विक्रीच्या संकेतस्थळांनी असा माल यादीतून काढून टाकावा. कारण काय, तर दूध म्हणजे जनावराच्या सडातून आलेले तेवढेच. मग नारळाच्या दुधाचे काय? त्याला सूट, कारण ते नाव जगभर फार पूर्वीपासून चालत आले आहे. शेंगदाण्याच्या ‘बटर’लाही तीच सूट. म्हणजे नारळवाल्याची वहिवाट मान्य आणि करडईवाल्याची नामंजूर. पुढे २०२२ साली ‘व्हेगन’ मालासाठी नियमांचे वेगळे बाड आले, त्याला वेगळे चिन्ह आले. युरोपातही हेच झाले. तिथल्या न्यायालयाने जून २०१७ मध्ये एका कंपनीला सोयाबीनच्या पदार्थाला ‘बटर’ आणि ‘चीज’ म्हणायला मनाई केली. डेअऱ्यांचे वजन तिकडेही कमी नाही.

व्हेगन म्हणजे काय, असे कोणी विचारील. जनावरापासून आलेले काहीच न खाणारा माणूस: दूध नाही, तूप नाही, मधसुद्धा नाही. मुंबई-पुण्यात आणि आता आपल्या संभाजीनगरातही असे लोक भेटतात. त्यांचे तत्त्वज्ञान त्यांच्यापाशी. कडब्यावर जनावर आणि जनावराच्या शेणावर ज्वारी, हे चक्र ज्याने पाहिले नाही त्याला कोरडवाहू शेती समजावत बसण्यात अर्थ नाही. त्यांच्याशी आपले भांडणही नाही. ते गिऱ्हाईक आहे, आणि दाम मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला शेतकऱ्याने त्याची जात-धर्म-पथ्य विचारू नये. सिडको-निराला बाजारातल्या एखाद्या मोठ्या दुकानात जा, काजूच्या किंवा सोयाबीनच्या ‘चीज’ची दोनशे ग्रॅमची डबी हातात घ्या आणि किंमत वाचा. मग त्यात कच्चा माल किती रुपयांचा असेल याचा हिशेब करा. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल, म्हणजे किलोला त्रेपन्न रुपये. तोही कागदावर. हातात किती पडले ते बाजार समितीतल्या तुमच्या पट्टीला विचारा. त्या डबीत आणि आपल्या पोत्यात जेवढे अंतर आहे तेवढे अंतर म्हणजे आपली गरिबी आहे.

मग आपण गप्प का बसायचे? दाण्याचे दूध काढून त्याचे पनीर करायला ना कारखाना लागतो ना परदेशी यंत्र. ही विद्या आपल्या घरात आहे, फक्त तिला कोणी मोल दिलेले नाही. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला शेतात आंबील नेतात. सीमेपलीकडे विजापूर-कलबुर्गीकडे करडई वाटून दूध काढतात आणि गव्हाची हुग्गी करतात. तिथे करडईला कुसुबी म्हणतात. त्या बायांना कोणी ‘व्हेगन’ शिकवलेले नाही.

रीत सांगतो, कारण कागदावरच्या घोषणांपेक्षा ती उपयोगाची आहे.

पाव किलो शेंगदाणे घ्या. आधी निवडा. बुरशी आलेला, सुरकुतलेला, काळा पडलेला, खवट एकही दाणा राहता कामा नये. भुईमुगाच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते, ते उकळून मरत नाही आणि वर्षानुवर्षे यकृत पोखरते. पावसात भिजलेल्या शेंगांचे दाणे या कामाला वापरूच नका. दाणे रात्रभर भिजवा, सकाळी चोळून लाल साल काढा, ते पाणी फेकून द्या. दीड लिटर ताज्या पाण्यात मिक्सरवर बारीक वाटा, नाहीतर पाटा-वरवंटा आहेच. धुतलेल्या धोतराच्या फडक्यातून पिळून घ्या. चोथा फेकू नका, पिठात मळून त्याची धपाटी होतात. दूध मंद आचेवर ठेवा आणि ढवळत राहा, ते बुडाला लागते आणि उतूही जाते. दहा-पंधरा मिनिटे उकळले की उतरवा, जरा निवू द्या, मग दोन लिंबांचा रस पाण्यात कालवून थोडा थोडा सोडा. फुटायला लागले की ढवळणे थांबवा. फडक्यात बांधून वर पाट आणि पाटावर दगड ठेवा. दोन-तीन तासांनी वडी तयार. ती म्हशीच्या दुधाच्या पनीरइतकी घट्ट होत नाही, रश्श्यात फार ढवळली तर फुटते. दाण्यांबरोबर तिसरा हिस्सा सोयाबीन धरले तर वडी चांगली धरते. सोयाबीन मात्र कडकडीत पाण्यात वाटावे म्हणजे त्याचा उग्र वास मरतो, आणि वीस मिनिटे तरी उकळावे, कारण कच्चे सोयाबीन पचन बिघडवते.

हे का जमते? म्हशीच्या दुधातले प्रथिन वेगळे आणि दाण्यातले वेगळे, पण दोन्ही आंबटपणा वाढला की पाणी सोडून गोळा होतात. जादू नाही आणि फसवणूकही नाही.

करडईची गंमत निराळी आहे. भिजवून, वाटून, गाळून काढलेले तिचे दूध आच वाढली की फाटते. हुग्गी करणारीला ते नको असते, म्हणून ती आच सांभाळते. आपल्याला तेच हवे आहे. टरफल जाड असल्याने दोनदा गाळावे लागते, आणि मागे किंचित कडवटपणा राहतो. लसूण, जिरे, मीठ आणि वाटलेली हिरवी मिरची दाबण्याआधी मिसळली तर तो झाकतो. भाकरीवर फासून खा, शहरातल्या डबीची आठवण होणार नाही. करडईला काटे, काढणीला माणूस मिळत नाही, भावाचा भरवसा नाही, म्हणून आपल्याच रानातून ती हद्दपार होत चालली. तेलाशिवाय तिला दुसरे गिऱ्हाईक असते तर काय झाले असते, हे कोणी करून पाहिलेले नाही.

आणि ज्वारी? खरे सांगायचे तर ज्वारीच्या दुधाचे पनीर होत नाही. त्यात पिष्ट जास्त, तापवले की खळ होते. पण ज्वारीचे पीठ पाण्यात कालवून एक-दोन दिवस आंबवले की वर जे आंबट निवळ येते ते लिंबाच्या जागी वापरता येते. उन्हाळ्यात लिंबाचा भाव काय होतो ते ठाऊक आहे ना? शहरातले हौशी लोक मोड आलेल्या धान्याचे आंबवलेले पाणी वापरतात. ज्वारीला मोड आणून ते करायला जाऊ नका. ज्वारीचे कोवळे फुटवे खाऊन जनावर दगावते ते ज्या विषाने, तेच विष तिच्या मोडात असते. पीठ बरे. आणखी एक: परदेशी चीज महिनोन्महिने मुरवतात म्हणून आपल्याकडच्या बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीच्या उन्हात फडके बांधून वडी टांगून ठेवू नका. ताजी करावी, गार ठेवावी, दोन दिवसांत संपवावी.

‘हे सगळे शहरी चोचले’ असे म्हणणाऱ्यांनी वर्ध्याकडे पाहावे. गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत गाई-म्हशीचे दूध सोडले. १९१९ च्या आरंभी मुंबईत शस्त्रक्रिया झाली, अंगात ताकद उरली नाही, तेव्हा कस्तुरबांच्या सूचनेवरून शेळीचे दूध घ्यावे लागले आणि ती बोच त्यांना कायम राहिली. १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत त्यांनी सोयाबीन रोजच्या जेवणात घालून पाहिले आणि त्याची माहिती ‘हरिजन’मध्ये छापली. १९४२ साली आगाखान पॅलेसच्या कैदेत आरोग्यावर लिहितानाही वनस्पतींमध्ये दुधाला पर्याय सापडलाच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. कापसाच्या मुलखात बसून, नव्वद वर्षांपूर्वी. पुढे १९७० च्या दशकात म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने शेंगदाण्याचे प्रथिन आणि म्हशीचे दूध मिसळून ‘मिल्टोन’ नावाचे पेय केले आणि ते लहान मुलांना पाजले. तेव्हा सरकारला शेंगदाणा दुधात चालत होता. सरकारी संस्थेने केले की संशोधन, आणि बचत गटाच्या बाईने केले की दिशाभूल!

आता आपल्या मुख्य पिकाकडे वळू. एक क्विंटल कापूस जिनिंगला गेला की चौतीस किलोच्या आसपास रुई निघते आणि साठ किलोवर सरकी. त्या सरकीत पाचवा हिस्सा प्रथिन, म्हणजे क्विंटलमागे बारा किलोच्या घरात. धागा विकणारा शेतकरी धाग्याच्या जवळजवळ दुप्पट वजनाचे खाद्य पिकवतो, हे कोणत्याच भाषणात येत नाही. तेल फरसाणाच्या कढईत जाते आणि पेंड म्हशीला.

माणसाला का नाही? कारण सरकीत गॉसिपॉल आहे. झाडाने किडीपासून बचावासाठी केलेले ते विष. म्हशीच्या पोटातल्या पहिल्या कप्प्यात ते बरेचसे बांधले जाते म्हणून तिला सोसते. कोंबडीला सोसत नाही, माणसालाही नाही. तेल शुद्ध करताना ते निघून जाते. मदुराईत रस्त्यावर ‘परुत्ती पाल’ म्हणजे सरकीचे दूध मिळते, गूळ-सुंठ-खोबरे घालून आटवलेले, आणि लोक ते हौसेने पितात. तरी कोणी घरी सरकीचे पनीर करायला बसू नये. गरम पेयाचा पेला वेगळा आणि प्रथिन एकवटलेली वडी रोज खाणे वेगळे. पेरणीच्या पाकिटातले रंगवलेले, औषध लावलेले बी तर हातातसुद्धा घेऊ नये.

पण ही अडचण सुटलेली आहे, हे आपल्याला कोण सांगणार? १९५० च्या दशकात अमेरिकेत गॉसिपॉल नसलेला कापूस तयार झाला. तो चालला नाही, कारण पानातले विष गेल्यावर किडी तुटून पडल्या. मग टेक्सासमध्ये कीर्ती राठोड या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने २००६ साली दाखवून दिले की फक्त बियांतले गॉसिपॉल जवळजवळ बंद करता येते आणि पाना-बोंडातले राखता येते. २०१८ साली तिकडच्या कृषी खात्याने त्या वाणावरचे निर्बंध उठवले आणि २०१९ साली अन्न प्रशासनाने ते बी माणसाने खायला हरकत नाही म्हणून मान्यता दिली. आपल्याकडे? शेतकऱ्याच्या शेतापर्यंत अधिकृतपणे पोचलेले जनुकीय वाण एकच, बीटी कापूस. पहिले २००२ साली, दुसरे २००६ साली. त्यानंतर दार बंद. ज्या जालन्यातून बीटीचे बी देशभर गेले तिथून आपला जिल्हा तासाभराच्या वाटेवर आहे. बीटी सरकीचे तेल सगळा देश खातो, पण बिनविषारी सरकीची चाचणी घ्या म्हटले की निसर्ग धोक्यात येतो. १९ ऑगस्ट २०२५ ला परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ करायला मात्र एक कागद पुरला, आणि ती माफी वाढवत ३१ डिसेंबरपर्यंत नेली, म्हणजे नेमका आपला कापूस घरात येण्याच्या दिवसांपर्यंत.

आता एक रास्त आक्षेप. आपल्यातलेच दूध घालणारे शेतकरी विचारतील, ‘दाण्याचे पनीर बाजारात आले तर आमच्या दुधाचे काय?’ प्रश्न खरा आहे, त्याला बगल देऊन चालणार नाही. दोन दुभत्या जनावरांवर घरखर्च चालवणारी घरे आपल्या गावोगावी आहेत. शिवाय मार्च २०१५ पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, भाकड-म्हातारे जनावर विकायचे दार बंद झाले आणि गाईच्या दुधाचा खरा खर्च आणखी वाढला. पण दुधाचे भाव कोणी पाडले? २०२४ च्या जानेवारीत सरकारला गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यायची वेळ आली, ती काय शेंगदाण्याच्या दुधाचा पूर आला म्हणून? मार्च २०२५ मध्ये आमदार विक्रम पाचपुते यांनी विधानसभेत बनावट पनीरचा प्रश्न काढला. ते पनीर भुईमुगाचे नव्हते, करडईचे नव्हते. असल्या मालात पामतेल, स्टार्च आणि थोडी भुकटी असते, आणि हॉटेलात तो ‘पनीर’ म्हणूनच ताटात येतो. दूधवाल्याचा चोर तो आहे. आणि आपलाही चोर तोच आहे, कारण २०२३-२४ च्या तेलवर्षात देशाने सुमारे १६० लाख टन खाद्यतेल बाहेरून आणले, त्यात निम्म्याहून जास्त पामतेल होते. ३० मे २०२५ ला कच्च्या तेलावरचे मूळ शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणले. पामतेलाला पायघड्या आणि करडईच्या दुधाला शब्दकोश!

चोर पकडायचा तर शब्दावर बंदी घालून पकडता येत नाही, हे सरकारला पूर्वी माहीत होते. १९३७ साली डालडा आला तेव्हा तुपात भेसळीची बोंब उठली. ‘वनस्पती तूप’ हे नाव लोकांच्या तोंडातून काही गेले नाही. मग नियम काय झाला? वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचे तेल घालायचे. साजूक तुपात कोणी वनस्पती मिसळली तर आम्लाच्या परीक्षेत तिळामुळे लाल रंग येई आणि भेसळ उघडी पडे. साधा, स्वस्त, अक्कलहुशारीचा उपाय. तीळवाल्या शेतकऱ्यालाही गिऱ्हाईक मिळाले.

म्हणून जिल्हा बैठकीत जो ठराव मांडायचा त्यात अमक्याला बंदी, तमक्याला अनुदान असले काही नको. पाकिटाच्या दर्शनी बाजूला मराठीत, ठळक अक्षरांत माल कशाचा आहे ते लिहिणे सक्तीचे करा: म्हशीचे, भुईमुगाचे, करडईचे, पामतेलाचे. हॉटेलच्या दरपत्रकावरही तेच. एवढे लिहिल्यावर पुढे ‘पनीर’ शब्द लावायचा की नाही ते विकणारा आणि घेणारा पाहून घेतील. पामतेलाचा माल दुधाचा म्हणून विकणाऱ्यावर खटला भरा, त्याला आपला पाठिंबा आहे. गावात फडक्यातून वडी गाळणाऱ्या बाईच्या दारात निरीक्षक पाठवू नका.

दुसरी मागणी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडे. करडईची वाणे त्यांनी दिली, गृहविज्ञानाचे शिक्षणही तिथे आहे. करडई, भुईमूग आणि सोयाबीनच्या पनीरची तपासलेली रीत, त्यात प्रथिन किती, ते किती दिवस टिकते आणि एक किलो दाण्यातून वडी किती उतरते, एवढे त्यांनी एका पानावर छापून द्यावे. आणि आपल्या बाजारात येणाऱ्या सरकीचे नमुने घेऊन कोणत्या वाणात गॉसिपॉल किती, देशी कापसात किती आणि संकरित बीटीत किती, याचे आकडे जाहीर करावेत. नमुने द्यायला प्रत्येक तालुक्यातून माणसे तयार ठेवा. वैजापूर, गंगापूर, सिल्लोड, पैठणच्या कार्यकर्त्यांनी येताना आपल्याकडच्या जिनिंगमधली किलोभर सरकी, वाणाचे नाव कळत असेल तर चिठ्ठी लावून, सोबत आणावी.